१३ व १५ वर्षांखालच्या फुटबॉल संघांची ३० मीटर स्प्रिंट टेस्ट: इलेक्ट्रॉनिक गेट कसे लावायचे?

तालीममैदान (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात १३ आणि १५ वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल सराव घेतो. दोन्ही गट मिळून २४ मुलं. आतापर्यंत ३० मीटर स्टॉपवॉचवर घेत आलोय, पण एकाच मुलाच्या लागोपाठच्या दोन धावांत ०.२ सेकंदाचा फरक दिसतो, आणि दोघांनी एकच धाव मोजली तरी आकडे जुळत नाहीत. यंदा क्लब फोटोसेलचे गेट (समोरासमोरच्या दोन ट्रायपॉडमध्ये प्रकाशाचा बीम असतो, मूल तो तोडून गेलं की वेळ नोंदली जाते) घ्यायला तयार आहे, पण तीनपेक्षा जास्त परवडणार नाहीत. मैदान गवत-मुरूम मिश्र, लांबी उत्तर-दक्षिण, वेळ सकाळी साडेसहा ते आठ.

तीन गेट कुठे लावावेत? बीमची उंची किती ठेवावी? मुलाने पहिल्या गेटच्या किती मागे उभं राहायचं? २४ मुलं दीड तासात आटपतील का? आणि मोबाइलवर हेच काम भागत असेल तर गेटवर खर्च करावा की नाही, तेही सांगा.

फक्कीची_रेघ

आधी स्टॉपवॉचचं. अॅथलेटिक्समध्ये १०० मीटरची हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिकशी ताडायची तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत आहे. कारण मोजणारा बंदुकीचा धूर पाहून बटण दाबतो तेव्हा उशीर झालेला असतो, पण शेवटची रेघ मात्र त्याला आधीपासून दिसत असते. हा आकडा तुमच्या जुन्या वहीतल्या वेळांना लावू नका. तुमच्या टेस्टमध्ये बंदूक नाही आणि गेट मुलाच्या शरीराने सुरू होणार आहे. जुन्या वेळा वेगळ्या वहीत राहू देत, नवीन वही नव्याने सुरू करा.

तीन गेट असतील तर ०, १० आणि ३० मीटर. एका धावेत तीन आकडे मिळतात: पहिले १० मीटर, पूर्ण ३० मीटर आणि पुढचे २० मीटर, आधीच घेतलेल्या वेगातले. ५ मीटरच्या मोहात पडू नका. इतक्या कमी अंतरात उभं राहण्याची ढब वेळेवर एवढी हावी होते की मूल सुधारलं की फक्त पाय जरा पुढे ठेवला, हे सांगता येत नाही.

पहिल्या गेटच्या ५० सेमी मागे फक्कीची रेघ मारा आणि ती कधीही बदलू नका. का ते हिशोबाने बघा. सुरुवातीला मूल सेकंदाला साधारण ५ मी./से. या त्वरणाने निघतं असं धरा. थांबलेल्या अवस्थेतून ३० सेमी जायला ०.३५ सेकंद लागतात, ५० सेमी जायला ०.४५. म्हणजे रेघ २० सेमी मागे सरकली तर बीमपर्यंतचा ०.१ सेकंद घड्याळाच्या बाहेर पडतो. शेवटी २० सेमी कमी धावावे लागतात असं नाही, गेट जागच्या जागीच असतात. पण मूल बीममध्ये जास्त वेगाने शिरतं आणि १० मीटरची वेळ ०.०६ ते ०.०७ सेकंदांनी कमी दिसते. दोन महिन्यांच्या मेहनतीनेही एवढी सुधारणा सहज होत नाही. ती नुसत्या रेघेने होते. माझ्या मते सगळ्या टेस्टमध्ये सर्वांत महत्त्वाची वस्तू ही रेघच आहे, गेट नाहीत.

३० सेमी का नको? मूल पुढे वाकून उभं राहिलं की डोकं किंवा पुढचा हात बीममध्ये जातो आणि घड्याळ आधीच चालू होतं. १ मीटर चालतं, पण मग सर्व नोंदी १ मीटरनेच ठेवाव्या लागतील आणि ५० सेमीवाल्या कुठल्याही तक्त्याशी तुलना करता येणार नाही.

बीमची उंची: कमरेच्या आसपास. मोठ्या खेळाडूंसाठी १ मीटरच्या जवळपास ठेवतात, ती तुमच्या मुलांच्या छातीशी जाईल आणि हलणारे हात सापडतील. १३ खालच्यांना ७५ ते ८० सेमी, १५ खालच्यांना ८५ ते ९० सेमी ठेवा. गट बदलताना तिन्ही गेट एकदम बदलायचे. ट्रायपॉडच्या दांड्यावर रंगीत टेपने दोन खुणा करून ठेवल्या की दर वेळी मोजत बसावं लागत नाही. मैदान एका अंगाला उतरतं असेल तर उंची जमिनीपासून मोजा, ट्रायपॉडच्या पायापासून नाही.

अंतर स्टीलच्या टेपने, ताणून. कापडी टेप १० मीटरला काही सेंटीमीटर सहज खाते. आणि अंतर बीम ते बीम मोजायचं, ट्रायपॉडच्या पायापासून नाही. गेट धावेच्या रेघेला गुण्यात हवेत: रेघेवर ४ मीटर, आडवं ३ मीटर, तिरपं बरोबर ५ मीटर आलं की काटकोन झाला. एक गेट तिरपं असेल तर उजवीकडून धावणाऱ्याला वेगळं अंतर आणि डावीकडून धावणाऱ्याला वेगळं.

दोन ट्रायपॉडमधली रुंदी २ मीटर ठेवा. त्याहून अरुंद केली तर मुलं गेट चुकवायला आखडतात. वारा असेल तर प्रत्येक ट्रायपॉडखाली वाळूची पिशवी किंवा पाण्याची भरलेली बाटली टांगा, नाहीतर रिफ्लेक्टर (बीम सेन्सरकडे परत पाठवणारी समोरची चकती) हलून खोटी नोंद होते.

तिसरी_धाव

वरच्या सगळ्याला +१. मी फक्त मुलांकडून धाव कशी करून घ्यायची ते लिहितो, कारण गेट उत्तम लावूनही आकडे तिथेच बिघडतात.

उभं राहायचं ते दोन पायांवर, एक पाय पुढे, बूट रेघेला टेकलेला. कुठला पाय पुढे हे मुलाने ठरवायचं, पण तिन्ही धावांना तोच. दोन सेकंद स्तब्ध. मागे झुकून झोका घेऊन निघणं बंद. हा झोका मुलं नकळत घेतात, तेव्हा एक सहायक फक्त रेघेपाशी बाजूला बसवून तेवढंच बघायला सांगा. शिट्टी वाजवायची नाही. 'तयार असलास की नीघ' एवढंच. शिट्टी दिली की ऐकून निघण्याचा वेळ मुलाच्या मनात शिरतो आणि टेस्ट भलत्याच गोष्टीची होते. उसेन बोल्टच्या २००९ मधल्या बर्लिनच्या ९.५८ मध्ये ०.१४६ सेकंद हे बंदुकीनंतर हलायला लागलेले आहेत. तुमच्या गेटच्या वेळेत हा भाग नसतोच, म्हणून शर्यतीच्या वेळांशी तुलना करायला मुलांना देऊ नका.

शेवटच्या गेटवर मुलं हमखास मंदावतात, किंवा छाती पुढे टाकून गेट 'पकडतात'. ३५ मीटरवर दोन ठळक कोन ठेवा आणि मुलांना सांगा की धाव तिथे संपते. कोनांपुढे अजून किमान १५ मीटर मोकळं मैदान हवं, भिंत किंवा कुंपण नको.

वॉर्म-अप १२ ते १५ मिनिटं: हलकं धावणं, गुडघे उचलणं, मग ३० मीटरच्या तीन धावा साधारण ६०, ८० आणि ९० टक्के जोरात. स्थिर ताण देऊन बसवणं टेस्टच्या आधी नको.

वेळेचं गणित: २४ मुलांचे आठ-आठचे तीन गट करा. एका मुलाला उभं राहणं, धावणं, नोंद धरून २५ सेकंद लागतात. आठ मुलांची फेरी २०० सेकंदांत होते, म्हणजे पुढच्या धावेआधी प्रत्येकाला तीन मिनिटांच्या वर विश्रांती आपोआप मिळते. ३० मीटरला तेवढी पुरे. एका गटाच्या तीन फेऱ्या १० मिनिटांत, तिन्ही गट अर्ध्या तासात. एक गट धावत असताना पुढचा वॉर्म-अप करतो. मांडणीला २५ मिनिटं धरली तरी दीड तासात आरामात बसतं. एका गटात चार-पाचच मुलं घेतलीत तर विश्रांती अपुरी पडेल आणि तिसरी धाव हळू येईल. ते थकवा मोजणं झालं.

नोंद वाचायला शिका. समजा एका मुलाच्या तीन धावा अशा आल्या:

पहिली: १० मी. २.०३, पुढचे २० मी. २.८५, एकूण ४.८८
दुसरी: १० मी. १.९७, पुढचे २० मी. २.८९, एकूण ४.८६
तिसरी: १० मी. २.०२, पुढचे २० मी. २.८४, एकूण ४.८६

दुसऱ्या धावेत १० मीटरला मूल एकदम सुधारलं आणि पुढच्या २० मध्ये तेवढंच मागे पडलं, असं होत नसतं. १० मीटरच्या गेटला हात आधी लागला. एकूण वेळ मात्र खरी आहे, कारण ती पहिल्या आणि शेवटच्या गेटची. म्हणून ४.८६ ठेवा, १.९७ खोडा. नुसती 'सर्वांत कमी वेळ' उचलणारं अॅप हेच १.९७ मुलाचा विक्रम म्हणून जपून ठेवतं आणि पुढच्या टेस्टला मूल मागे गेलेलं दिसतं.

सोल्डरगन

गेट विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी विचारा: एकेरी बीम आहे की दुहेरी, आणि एकेरी असेल तर ते हाताची नोंद गाळतं का. दुहेरीत दोन्ही बीम एकाच वेळी तुटल्याशिवाय नोंद होत नाही, त्यामुळे एकटा हात सहसा सापडत नाही. काही एकेरी गेट बीम किती वेळ तुटला ते मोजतात. ७ मी./से. वेगाला २० सेमी जाडीचं धड बीम जवळजवळ ३० मिलीसेकंद अडवतं. पुढे झेपावणारा ८ सेमीचा हात १० मिलीसेकंदांच्या आसपास. जो अडथळा सर्वांत लांब, त्याची सुरुवात ही खरी वेळ.

स्वतः बनवायचं असेल (ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि ई३एफ जातीचा रिफ्लेक्टरवाला सेन्सर, बाजारात सहज मिळतात) तर इथेच सगळे फसतात. बटणासारखं समजून पहिल्या नोंदीनंतर अर्धा सेकंद सेन्सरकडे दुर्लक्ष करणारा कोड लिहितात. मग हातच पकडला जातो आणि धड येतं तेव्हा कोड झोपलेला असतो. प्रत्येक तुटणं आणि प्रत्येक जुळणं वेळेसह साठवा, निवड नंतर करा.

बाकीच्या खाचाखोचा: हे सेन्सर ६ व्होल्टच्या खाली चालत नाहीत, पॉवर बँकेचे ५ व्होल्ट बूस्ट मॉड्युलने ९ किंवा १२ वर न्या. आउटपुट एनपीएन ओपन कलेक्टर असतो, म्हणजे तो तार फक्त शून्याकडे ओढतो, वर नेणारा रेझिस्टर (पुल-अप) आपण लावायचा. १० किलोओहमचा पुल-अप ३.३ व्होल्टला जोडायचा, १२ ला जोडलात तर बोर्ड गेला. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप नाही, तिथे बाहेरचा लावावाच लागतो. वेळ त्या त्या गेटवरच टिपायची आणि मग रेडिओने पाठवायची. 'संदेश पोचला ती वेळ' धरली तर वायरलेसमधला कमी-जास्त उशीर थेट निकालात येतो. दोन बोर्डांच्या क्रिस्टलमध्ये २० पीपीएमचा (दहा लाखांत २०) फरक धरला तर १० मिनिटांत घड्याळं १२ मिलीसेकंदांनी फाकतात, तेव्हा प्रत्येक धावेआधी पुन्हा जुळवून घ्या. ३२ बिटचा मायक्रोसेकंद काउंटर सुमारे ७१ मिनिटांनी शून्यावर येतो, म्हणजे बरोबर तुमच्या टेस्टच्या मध्यावर. ६४ बिटचा टायमर वापरा.

पल्ला २ मीटर लिहिलेला सेन्सर २ मीटरच्या रुंदीला घेऊ नका, दुप्पट पल्ल्याचा घ्या. साधा रिफ्लेक्टरवाला सेन्सर चकचकीत पांढऱ्या जर्सीलाच रिफ्लेक्टर समजून बीम तुटला नाही असं धरू शकतो. पोलराइझ्ड फिल्टरचा असेल तर हा त्रास जातो.

आणि ऊन. तुमची धाव उत्तर-दक्षिण, म्हणजे बीम पूर्व-पश्चिम. सकाळी सेन्सरचं डोकं पूर्वेच्या बाजूला ठेवा, तोंड पश्चिमेला. सूर्य त्याच्या पाठीशी राहील. उलट लावलात तर साडेसातच्या सुमारास सूर्य थेट भिंगात उतरतो आणि एखादं गेट अधूनमधून नोंदच करत नाही. बिघाड शोधत बसू नका, आधी बाजू बदलून बघा. विकतच्या गेटलाही हे लागू आहे.

तालीममैदान

मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. स्वतः बनवणं इथे झेपणार नाही. मोबाइलचं कुणी सांगेल का? क्लबमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेणारा फोन आहे. गेट यायला वेळ लागला तर पहिली टेस्ट त्यावर उरकता येईल का?

फक्कीची_रेघ

येईल, पण कष्ट आहेत. २४० फ्रेमला एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलीसेकंद, ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओत ३३. अडचण फ्रेमची कमी, तिरप्या नजरेची जास्त.

फोन धावेच्या रेघेपासून १५ मीटर लांब, १५ मीटरच्या खुणेसमोर, ट्रायपॉडवर. एवढ्या जवळून ३० मीटर एका चौकटीत मावत नाही, म्हणून फोन जागेवरच मुलामागे फिरवायचा. खुणेच्या काठ्या मुलाच्या रेघेवर रोवता येत नाहीत, त्या फोनच्या बाजूला १ मीटर अलीकडे येतात. त्या नेमक्या ०, १०, २०, ३० वर रोवल्या तर चूक होते, कारण फोनमधून निघणारी नजर काठीवरून पुढे जाऊन मुलाच्या रेघेला भलतीकडे लागते. काठ्या १.००, १०.३३, १९.६७ आणि २९.०० मीटरवर रोवा. अंतरं बदलली तर नियम असा: खूण मधल्या बिंदूपासून जितकी लांब, तिला १४/१५ ने गुणा.

कमर काठीच्या रेषेत आली ती फ्रेम धरा, प्रत्येक वेळी कमरच. सुरुवातीला मागचा पाय जमिनीवरून सुटला ती फ्रेम. ही वेळ गेटच्या वेळेपेक्षा मोठी येईल, कारण बीमआधीचे ५० सेमीही तिच्यात मोजले जातात. म्हणून मोबाइलच्या नोंदी आणि गेटच्या नोंदी एका रकान्यात लिहायच्या नाहीत.

फोन खरंच २४० घेतो का ते बघायला चेंडू १ मीटरवरून सोडा. पडायला ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे १०८ फ्रेमच्या आसपास मोजता आल्या पाहिजेत. लागोपाठच्या फ्रेम जोडीजोडीने अगदी सारख्या दिसल्या तर फोन अर्ध्याच घेतो आणि बाकीच्या भरतो. पहाटे अंधुक प्रकाशात चित्र फरफटतं, सात वाजेपर्यंत थांबा.

२४ मुलांच्या ७२ धावा फ्रेम-फ्रेमने बघायला एक अख्खी संध्याकाळ जाते. एकदा ठीक, दरवेळी नाही. गेट घ्याच.

वाढीचं_वय

आकड्यांचं पुढे काय करायचं, यावर कुणी लिहिलं नाही, आणि मुलांच्या बाबतीत तोच भाग नाजूक आहे.

या वयात मुलगे झपाट्याने उंच होण्याचा काळ साधारण १३ ते १४ वर्षांचा, मुलींचा त्याच्या जवळपास दोन वर्षं आधी. तुमच्या १५ खालच्या गटात एकाच वर्षी जन्मलेली दोन मुलं शरीराने तीन-चार वर्षांच्या अंतरावर असू शकतात. लवकर वाढलेला मुलगा ३० मीटरला पुढे असणारच. त्या जोरावर संघ निवडलात तर उशिरा वाढणारं, कदाचित पुढे जास्त वेगवान होणारं मूल आजच बाहेर बसेल. म्हणून टेस्टच्या दिवशी उभी उंची, बसून उंची आणि वजन घ्या. तीन महिन्यांत उंची ३ सेमी वाढली आणि वेळ तशीच राहिली, तर त्या मुलाचा सराव वाया गेला असं समजू नका. अचानक लांबलेले पाय सावरायला काही महिने लागतात.

फरक खरा की खोटा हे ठरवायला स्वतःच्या गटाची चूक काढा. दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीच टेस्ट तशाच परिस्थितीत दोनदा घ्या. प्रत्येक मुलाचा दोन वेळांतला फरक लिहा, त्या फरकांचं प्रमाण विचलन काढा (एक्सेलमध्ये एका सूत्रात होतं) आणि त्याला १.४१ ने भागा. समजा ०.०३ सेकंद आलं. मग एकाच मुलाच्या दोन टेस्टमध्ये ०.०८ हून कमी फरक असेल तर 'सुधारला' असंही म्हणायचं नाही आणि 'मागे पडला' असंही नाही. ०.०८ कुठून आला: ०.०३ × १.४१ × १.९६ (१.४१ दोन टेस्टच्या चुका एकत्र धरायला, १.९६ हा ९५ टक्के खात्रीसाठी). तुमचा आकडा वेगळा येईल, तोच वापरा.

वर्षातून तीनदा पुरे. पावसाने भिजलेल्या मैदानावरची वेळ कोरड्या मैदानावरच्या वेळेशी लावू नका. बूटही तेच हवेत. एकदा स्टडचे आणि एकदा साधे घातले तर ती तुलना बुटांची.

एक कळकळीची विनंती: निकालाची यादी क्रम लावून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. प्रत्येक मुलाला त्याचे मागचे आणि आजचे आकडे वेगळे दाखवा. बारा वर्षांच्या पोराला शेवटचा नंबर सगळ्यांसमोर दिसला की पुढच्या टेस्टला ते पोटात दुखतंय सांगून घरी राहतं.

यष्टीमागे

फुटबॉलचा धागा आहे, पण क्रिकेटवाले वाचत असतील तर थोडं. धाव मोजायची तर ३० मीटरऐवजी क्रीज ते क्रीज १७.६८ मीटर घ्या, पॅड आणि बॅटसह. बॅट जमिनीलगत पुढे सरकवली की ती कमरेच्या बीमखालून जाते आणि गेट धड मोजतं, तर धाव बॅटने पूर्ण होते. म्हणून गेटची वेळ ही पळण्याची वेळ, धाव पूर्ण होण्याची नव्हे. दोन धावांची टेस्ट घेताना वळण्याच्या टोकाला गेट लावू नका, मूल तिथे बीम तीन-चारदा तोडतं.

शाळांसाठी आणखी एक: खेलो इंडियाच्या शालेय फिटनेस चाचणीत ५० मीटर आहे, उभ्याने सुरुवात. तिथली स्टॉपवॉचची वेळ आणि गेटची वेळ एका तक्त्यात मिसळू नका.

तालीममैदान

शेवटची शंका. एकाच मैदानावर दोन दिशांनी धाव घेता येते. वारा असेल तर पाठीवर घ्यावा का?

तिसरी_धाव

मुलांना आवडेल, पण नको. शर्यतीत १०० मीटरच्या विक्रमाला पाठीवरचा वारा २ मी./से. पर्यंतच चालतो, त्यावरून वाऱ्याने किती फरक पडतो याचा अंदाज घ्या. दिशा एकच ठरवा आणि वर्षभर तीच ठेवा, सूर्याच्या दृष्टीने तुम्हाला दोन्ही सारख्याच. वारा जोराचा असेल तर त्या दिवशी टेस्ट पुढे ढकला. कागदाच्या वरच्या ओळीत तारीख, वेळ, दिशा, मैदान कोरडं की ओलं, बीमची उंची आणि रेघ किती मागे हे लिहा. तुमच्या जागी उद्या दुसऱ्या सरांनी टेस्ट घेतली तरी त्यांना तीच मांडणी करता आली पाहिजे.

सोल्डरगन

त्याच ओळीत गेटच्या बॅटरीची टक्केवारीही लिहा. टेस्टच्या मध्येच रिसीव्हर कमजोर झाला तर कुठल्या धावेपासून आकडे संशयास्पद ते नंतर कळतं.

तालीममैदान

लिहून घेतलं. येत्या रविवारी आधी फक्त मांडणी करून बघतो, मुलं त्यानंतरच्या रविवारी.

फक्कीची_रेघ

उत्तम. मांडणीच्या दिवशी एक तपासणी जरूर करा: फळीचा एक रुंद तुकडा हातात धरून तिन्ही गेटमधून चालत जा, जाताना एकदा आणि येताना एकदा. ज्या गेटवर दोन्ही वेळा नोंद होणार नाही, त्याचा रिफ्लेक्टर नीट समोर आहे का ते बघा.